के-ड्रामाला १० पैकी किती? आकडा सगळ्यात शेवटी टाका, त्याआधी हे करा

रात्रीचे अडीच वाजलेले असतात, के-ड्रामाचा, म्हणजे कोरियन सिरियलचा, फिनाले संपतो, डोळे ओले, आणि आपण सरळ १० दाबून झोपतो. काही महिन्यांनी आपलीच लिस्ट उघडली की दिसतं, अर्ध्या ड्रामांना ९ नाहीतर १०, दोन-चार नावडत्यांना १, आणि मधे कोणीच नाही. मग मैत्रीण विचारते की यातला नक्की कुठला बघू, तर त्या लिस्टवरून आपल्यालाच सांगता येत नाही. आवड चुकलेली नसते हो, क्रम चुकलेला असतो. आधी आकडा पडतो, मग त्याला कारणं चिकटवली जातात. खाली जो क्रम दिलाय त्यात आकडा सगळ्यात शेवटी येतो.

उदाहरणं के-ड्रामाची घेतलीत कारण १६ एपिसोड, एकच गोष्ट, ठरलेला शेवट, म्हणजे हात बसवायला हा प्रकार सोपा. आपल्या डेली सिरियल आणि बरेच सीझनवाल्या वेबसिरीजचं काय करायचं ते सातव्या टप्प्यात आहे.

टप्पा १: कुठल्या रेटिंगबद्दल बोलतोय ते आधी नक्की करा

हे वाचून हसाल, पण निम्मे वाद इथेच होतात. टीआरपी वेगळा, प्रेक्षकाने दिलेले गुण वेगळे. आपल्याकडे टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेचा आकडा दर गुरुवारी येतो, कोरियात नील्सन कोरियाचा टक्का रोजच्या रोज येतो, आणि दोन्ही आकडे फक्त एवढंच सांगतात की निवडक घरांत त्या वेळी टीव्ही कुठल्या चॅनलवर होता. बघणाऱ्याला आवडलं का, हे त्यात कुठेच नसतं.

जेटीबीसी या कोरियन चॅनलचा 'रीबॉर्न रिच' घ्या, २०२२ चा. शेवटचा एपिसोड ख्रिसमसला लागला आणि नील्सनवर जवळपास २६.९ टक्के गेला, त्या अख्ख्या ड्रामातला सगळ्यात मोठा आकडा. आणि त्याच एपिसोडवर प्रेक्षक सगळ्यात जास्त भडकले, कारण ज्या वेब नॉव्हेलवरून ड्रामा घेतला होता त्याचा शेवट बदलून टाकला होता. लोकांनी बघितलं खूप आणि शिव्याही खूप घातल्या. त्यामुळे 'एवढा टीआरपी होता, तू ६ कसे दिलेस' असं कोणी म्हणालं तर उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका.

टप्पा २: स्केल आधी लिहून काढा (हीच खरी तयारी)

आपण सगळे शाळेतल्या मार्कांच्या हिशोबाने वाढलोय. ३५ ला पास, ७० म्हणजे 'बरा आहे पण अजून अभ्यास कर', आणि ९० च्या खाली आई पेढे वाटत नाही. तोच हिशोब इथे येतो आणि म्हणून १० पैकी ७ दिले की वाटतं आपण ड्रामाचा अपमान केला, आणि ५ दिले की वाटतं नापास केला. हे डोक्यातून काढल्याशिवाय पुढचं काहीही उपयोगाचं नाही. १० पैकी ५ म्हणजे बरोबर मधला, ना फायदा ना तोटा.

स्केल लिहिताना 'उत्तम', 'चांगला', 'ठीक' असले शब्द नकोत, ते मूडप्रमाणे ताणले जातात. तुम्ही प्रत्यक्षात काय कराल ते लिहा. माझं असं आहे:

१०: पुन्हा पहिल्यापासून बघेन, आणि एकही एपिसोड पुढे ढकलणार नाही.
९: पुन्हा बघेन, पण एखादा ट्रॅक गाळून.
८: ज्याला के-ड्रामाची सवय नाही त्यालाही सुचवेन.
७: ज्याला तो प्रकार आवडतो त्याला सुचवेन.
६: बघितला, मजा आली, कोणाला मुद्दाम सांगणार नाही.
५: वेळ गेला, तक्रार नाही.
४: संपवला कारण सुरू केला होता.
३: मधले एपिसोड स्पीड वाढवून बघितले.
२: चिडून बघितला.
१: कोणी लावला तर खोलीतून उठून जाईन.

तुमचं वेगळं असू दे, असायलाच हवं. फक्त ते मोबाइलच्या नोट्समध्ये लिहिलेलं पाहिजे, डोक्यातल्या डोक्यात नाही.

आता खुंट्या. आधी बघून झालेल्या ड्रामांमधून एक ९ चा, एक ७ चा, एक ५ चा आणि एक ३ चा निवडा. हे निदान सहा महिन्यांपूर्वी बघितलेले हवेत, म्हणजे त्यांचा कैफ उतरलेला असतो. पुढे प्रत्येक नवा ड्रामा या चौघांशेजारी उभा करून बघायचाय.

तपासून बघा: तुमच्या ५ च्या खुंटीचं नाव घेताना राग येत असेल तर ती ५ ची नाही, ३ ची आहे. दुसरी शोधा.

टप्पा ३: पहिला एपिसोड लावायच्या आधी

इथे दोनच कामं आहेत, पण बहुतेक जण दोन्ही गाळतात.

पहिलं, सरासरी बघू नका. कुठल्याही साइटवर नाव शोधलं की पोस्टरच्या शेजारी ८.७ नाहीतर ९.१ असं लिहिलेलं असतंच, आणि एकदा ते दिसलं की तुमचा आकडा त्याच्या आसपासच घुटमळतो. २०१३ मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये एक प्रयोग आला होता, एका बातम्यांच्या साइटवर लोकांच्या कमेंट्सना संशोधकांनी मनानेच, चिठ्ठ्या टाकल्यासारखं, सुरुवातीला एक लाइक देऊन ठेवला, आणि शेवटी त्या कमेंट्सचा स्कोअर बाकीच्यांपेक्षा सरासरी २५ टक्के जास्त निघाला. नुसत्या एका लाइकने! इथे तर हजारो लोकांची सरासरी तुमच्या समोर असते. कुठला ड्रामा बघायचा हे ठरवायला सरासरी बघावीच लागत असेल तर बघा, पण मग निदान संपल्यावर, स्वतःचा आकडा टाकायच्या आधी, पुन्हा ते पान उघडू नका.

दुसरं, एक ओळ लिहा: मी हा का लावतेय? 'हीरोसाठी', 'ओएसटी (ड्रामातलं गाणं) रीलवर ऐकलं म्हणून', 'ऑफिसात सगळे बोलतायत म्हणून'. हीरोसाठी लावला असेल तर तसं स्पष्ट लिहा, लाज कसली. ही ओळ पुढे सहाव्या टप्प्यात लागणार आहे.

आणि हो, सबटायटलवर बघताय की हिंदी डबमध्ये, तेही लिहून ठेवा.

टप्पा ४: बघताना काय टिपायचं

प्रत्येक एपिसोडला गुण देत बसू नका. करमणूक राहते बाजूला आणि ते ऑडिटचं काम होतं. १६ एपिसोडच्या ड्रामात चार थांबे पुरतात: ४, ८, १२ आणि १६ नंतर. १२ एपिसोडचा असेल तर ३, ६, ९ आणि शेवट. प्रत्येक थांब्यावर दोन-तीन ओळी, बास.

हेच थांबे का, तर या ड्रामांची तब्येत साधारण याच जागी बदलते. पहिले चार एपिसोड बहुतेक वेळा सगळ्यात देखणे असतात, पैसा तिथेच ओतलेला असतो, परदेशातलं शूटिंग, अपघात, पावसातली भेट, सगळं. आठच्या आसपास जोडी जमते किंवा मुख्य गुपित फुटतं. आणि मग बारा ते चौदा, तिथे बघायचं. लेखकाकडचा मसाला संपलेला असेल तर इथे कळतं: अचानक कोणीतरी 'तुझ्या भल्यासाठीच' म्हणून सोडून जातं (फॅन लोक याला नोबल इडियसी म्हणतात), लहानपणीचा तोच फ्लॅशबॅक तिसऱ्यांदा येतो, आणि खलनायकाच्या कंपनीतल्या शेअरहोल्डर मीटिंगला पंधरा मिनिटं जातात. ज्या ड्रामाचा तेरावा एपिसोड चांगला आहे त्याला माझ्याकडे आधीच अर्धा गुण जास्त असतो, हे माझं वैयक्तिक, तुम्ही धरू नका.

मत लिहिण्यापेक्षा तुम्ही काय केलंत ते लिहा. कुठे फोन हातात घेतला? कुठे दीडपट स्पीड केला? कुठला एपिसोड संपल्यावर झोप आलेली असतानाही पुढचा लावला? कुठे चार दिवस उघडलाच नाही? माणूस मत देताना स्वतःशीही खोटं बोलतो, पण स्पीडचं बटण खोटं बोलत नाही.

सावधान: अख्खा ड्रामा दीडपट स्पीडने बघून मग 'इमोशनल डेप्थ नव्हती' म्हणायचं नाही. शांतता जिथे मुद्दाम ठेवलेली असते ती तुम्हीच कापून टाकलीत.

अजून एक, कसा बघितला तेही लिहा. हे ड्रामे कोरियात आठवड्याला दोन एपिसोड असे लागतात, शनिवार-रविवार वगैरे, आणि प्रत्येक एपिसोड अशा जागी तोडलेला असतो की आठवडाभर माणूस तळमळला पाहिजे. तेच सलग एका सुट्टीत बघितलं तर त्या तोडण्याचा काही परिणामच होत नाही, उलट तेच तेच वाटायला लागतं. याउलट हळू चालणारे घरगुती ड्रामे आठवड्याने बघितले तर कंटाळवाणे वाटतात आणि सलग बघितले की मुरतात. बिंज केलेल्या ड्रामाला 'रिपिटेटिव्ह' म्हणून गुण कापताना थोडं थांबा.

टप्पा ५: संपल्यावर दोन रात्री हात लावू नका

सगळ्यात जास्त चुका इथे होतात म्हणून जरा सविस्तर.

शेवट आपल्या आठवणीला ओढून नेतो. डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये लोकांना थंडगार पाण्यात हात घालायला लावला होता, एकदा ६० सेकंद, आणि एकदा तेच ६० सेकंद अधिक वर ३० सेकंद किंचित कमी थंड पाण्यात. पुन्हा कुठला प्रकार कराल विचारलं तर बहुतेकांनी लांबवाला निवडला, म्हणजे एकूण त्रास जास्त असलेला, का तर शेवट जरा बरा होता. ड्रामाचंही असंच होतं. सहा एपिसोड रटाळ गेले तरी शेवटच्या वीस मिनिटांत चेरी ब्लॉसमखाली दोघं भेटले, टायटल साँग वाजलं, की आपण मागचं सगळं माफ करतो. उलटही होतं, पंधरा एपिसोड मस्त आणि सोळावा फसला की लोक रागात १ देऊन मोकळे.

म्हणून दोन रात्री जाऊ द्या. मग टिपणं न उघडता स्वतःला विचारा: शेवट सोडून मला कुठले तीन सीन आठवतात? तीन आले, आणि वेगवेगळ्या भागांतले आले, तर ड्रामा अंगात दम असलेला आहे. तिन्ही पहिल्या चार एपिसोडमधलेच असतील तर तुम्हाला सुरुवात आवडलीय, ड्रामा नाही. आता टिपणं उघडा आणि ताडून बघा.

फसलेल्या शेवटाचे किती कापायचे? हे प्रकारावर आहे. रोमकॉममध्ये शेवट काय होणार हे पोस्टरवरच लिहिलेलं असतं, तिथे शेवट ढिसाळ असला तर एक गुण, त्याहून जास्त नाही. पण थ्रिलर, रिव्हेंज, टाइम ट्रॅव्हल, जिथे अख्खी गोष्ट 'शेवटी उत्तर मिळेल' या वचनावर चालते, तिथे उत्तरच फसलं तर मागचे एपिसोडही खोटे पडतात, दोन-तीन गुण खुशाल जाऊ देत. 'रीबॉर्न रिच'वरचा राग मला म्हणूनच पटतो, कारण तिथे शेवटाने मागच्या सगळ्या खेळाचा अर्थच बदलला. तरीही १ नाही. आधीचे एपिसोड रात्री जागून कोणी बघितले होते?

तपासून बघा: 'शेवट मला पटला नाही' आणि 'शेवट वाईट लिहिला होता' यातलं तुमचं नक्की काय आहे? सेकंड लीडला (दुसऱ्या हीरोला) हिरॉइन मिळाली नाही ही पहिल्या प्रकारातली तक्रार आहे. तिचे गुण कापत नाहीत. दुःख समजू शकते.

टप्पा ६: भाग सुटे करा, मग आकडा

मायड्रामालिस्ट या ड्रामांच्या लिस्ट आणि रेटिंगच्या साइटवर रिव्ह्यू लिहिताना कथा, अभिनय, संगीत आणि रीवॉच व्हॅल्यू असे वेगळे गुण मागतात आणि एकूण गुण वेगळे. लोक पहिल्या चारांची सरासरी काढून एकूणमध्ये टाकतात. तसं करू नका. समजा कथा ५, अभिनय ९, संगीत ९, रीवॉच ५. सरासरी आली ७. पण कथा लंगडी असलेला ड्रामा तुम्ही खरंच त्या प्रकारच्या प्रेक्षकाला सुचवाल का, स्केलवर ७ चा तोच अर्थ लिहिलाय ना? बहुतेक नाही. गाणी कितीही गोड असली तरी ती गोष्टीची भरपाई करत नाहीत. भाग सुटे करायचे ते स्वतःला कळावं म्हणून की आवडलं काय आणि खटकलं काय.

सुटे करताना ज्या गोष्टींचा गोंधळ होतो त्या पटकन:

डबमध्ये बघितला असेल तर अभिनयाचे गुण देताना जपून. निम्मा अभिनय आवाजात असतो आणि तो आवाज त्या नटाचा नव्हता. एखादा महत्त्वाचा सीन मूळ आवाजात लावून बघा, मग ठरवा.

सबटायटल भिकार असतील तर तो ड्रामाचा दोष नाही.

हीरो कितीही देखणा असला तरी तो अभिनय नाही. तिसऱ्या टप्प्यात लिहिलेली ओळ आता काढा. 'हीरोसाठी' लिहिलं असेल तर विचारा, याच्या जागी अनोळखी नट असता तर मी आठव्या एपिसोडपर्यंत पोचले असते का?

मधेच सगळे पात्रं सँडविच खायला जातात किंवा कुणी मसाज खुर्चीचं कौतुक करतं, त्या जाहिराती आहेत, पैसा तिथून येतो. नुसत्या दिसल्या म्हणून कापू नका, रडण्याचा सीन मोडला तर कापा.

आता आकडा. खुंट्या समोर घ्या आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न: या दोघांतला एकच पुन्हा बघायला मिळणार असेल तर कुठला? ७ च्या खुंटीपासून सुरू करा. नवा जिंकला तर ९ शी लावा, हरला तर ५ शी. ७ पेक्षा वर आणि ९ पेक्षा खाली म्हणजे ८, झालं. मग स्केलवरचं ८ चं वाक्य मोठ्याने वाचा, के-ड्रामाची सवय नसलेल्या माणसाला मी हा सुचवेन का? हो आलं तर टाका. नाही आलं तर ७.

सावधान: आकडा टाकायच्या क्षणी 'पण सगळ्यांनी तर ९ दिलेत' असा विचार आला तर फोन ठेवा, उद्या टाका.

टप्पा ७: जिथे नेहमीचा हिशोब चालत नाही

*अर्धवट सोडलेला:* दोन एपिसोड बघून १ देणं हा प्रकार बंद करा. ड्रॉप्ड असं मार्क करा आणि कुठे सोडला ते लिहा, एवढं पुरे. अर्ध्याच्या पुढे जाऊन सोडला असेल तर गुण द्यायचा हक्क आहे, आणि तो बहुतेक ४ च्या खालीच येईल.

*बरेच सीझन:* आयएमडीबी या सिनेमा-सिरीजच्या रेटिंग साइटवर अख्खी सिरीज एकच नोंद असते, एपिसोडना वेगळे गुण देता येतात, पण सिरीजचे गुण एपिसोडवरून काढले जात नाहीत, ते लोकांनी सिरीजला दिलेले वेगळे असतात. त्यामुळे शेवटचा सीझन फसला म्हणून सिरीजला १ द्यायची गरज नाही, राग त्या एपिसोडवर काढा, सोय आहे. मायड्रामालिस्टवर सीझन वेगवेगळे नोंदवलेले असतात, तिथे दुसऱ्या सीझनची शिक्षा पहिल्याला देऊ नका.

*डेली सिरियल:* सोमवार ते शनिवार चालणारी, सहाशे-आठशे एपिसोडची मराठी मालिका आणि १६ एपिसोडचा ड्रामा एका स्केलवर बसत नाहीत, हट्ट करू नका. मालिकेला तुकड्यांत गुण द्या: लग्न लागेपर्यंत, लीपपर्यंत, लीपनंतर. बहुतेक मालिकांचा पहिला तुकडा खरंच चांगला असतो, मग टीआरपी बघून ट्रॅक वळवतात, मेलेलं माणूस री-एन्ट्री घेतं, महाएपिसोडला दागिने चोरीला जातात. 'सुरुवातीचे ८, लीपनंतर ४' असं लिहिलेलं कुठल्याही एका आकड्यापेक्षा जास्त कामाचं असतं. एकच आकडा टाकावा लागला तर ज्या तुकड्यात तुम्ही सगळ्यात जास्त दिवस बसलात त्याचा टाका.

*नटाचं काहीतरी बाहेर आलं:* ड्रामा बघून झाल्यावर हीरोची भानगड पेपरात आली. गुण बदलायचे की नाही हा तुमचा प्रश्न आहे, पण बदललेत तर शेजारी कारण लिहा. नाहीतर वर्षभराने वाटेल ड्रामाच वाईट होता.

*फॅनवॉर:* दुसऱ्या ड्रामाचा आकडा पाडायला १ देणारे आणि आपल्याला वर न्यायला १० देणारे, दोघांनाही हा लेख उपयोगाचा नाही. आयएमडीबी तर साधी सरासरी दाखवतच नाही, मतांना वेगवेगळं वजन देते आणि ते कसं देते हे उघड करत नाही, त्यामुळे तुमच्या सूडाच्या १ चं तिथे काय होतं हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

टप्पा ८: लिस्ट झाडून घेणं

वर्षातून एक-दोनदा लिस्ट गुणांप्रमाणे लावा. ८ च्या वर अर्ध्याहून जास्त ड्रामे असतील तर दोन शक्यता आहेत, एकतर तुम्ही निवडूनच चांगले बघता (असं असू शकतं, जास्त बघणारा माणूस निवडायला शिकतो), किंवा स्केल पुन्हा शाळेकडे सरकलंय. ओळखायची रीत सोपी: ८ वाले सगळे ड्रामे एकेक करून बघा आणि ज्याच्या नावावरून एकही सीन आठवत नाही तो ६ ला आणा. बदल करायचा तर पूर्ण गुणांनीच करा. ८ चं ७.५, मग ७.७ असं खाजवत बसलात तर रविवार जाईल.

खुंट्याही बदलतात. ९ चा ड्रामा पुन्हा लावला आणि तिसऱ्या एपिसोडला फोन हातात आला, तर तो आता ९ चा राहिला नाही. नवी खुंटी निवडा, पण जुन्या सगळ्या नोंदी त्यावरून परत मोजू नका, फक्त त्या गुणाच्या आसपासच्या बघा.

आणि दोन्हीकडे लिस्ट ठेवणाऱ्यांसाठी: मायड्रामालिस्टवर अर्धा गुण चालतो, आयएमडीबीवर पूर्ण आकडाच लागतो. तेव्हा ७.५ चं तिकडे ७ करायचं की ८, हे एकदाच ठरवा आणि स्केलच्या खाली लिहून टाका. मी खाली आणते.